साखरपुड्याचा फोल्डर

मला पसारा खपत नाही. हा आपला गुण आहे असं मी आयुष्यभर सांगत आलो, आता सांगताना जीभ अडखळते. कोरेगाव भीमाला हायवेच्या कडेला, पहिल्या मजल्यावर माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्न, साखरपुडा, वाढदिवस, दहाव्याचा फोटो, येईल ते काम मी करतो. गेल्या वर्षी आषाढात कामं थंडावली तेव्हा मी हार्ड डिस्क साफ करायला बसलो, आणि त्या सफाईत माझ्या धाकट्या भावाचा आवाज पुसून टाकला. त्याचा तेवढाच एक आवाज शिल्लक होता. भाऊ आधीच गेलेला होता. हे भावजयीला तोंडानं सांगताना मी निम्मं गिळलं. ते सगळं कुठंतरी नीट सांगायला हवं, म्हणून लिहितोय.

आमच्या धंद्यात डिस्क कधी मरेल याचा भरवसा नसतो. म्हणून मी प्रत्येक काम दोन ठिकाणी ठेवायचो, एक काळ्या डिस्कवर आणि एक निळीवर. कागदावर व्यवस्था चोख होती. प्रत्यक्षात उकिरडा झाला होता. घाईघाईत कार्ड रिकामं करताना एकच लग्न 'नवीन' नावाच्या फोल्डरमध्ये, मग 'नवीन २' मध्ये, मग 'फायनल' मध्ये आणि शेवटी 'फायनल खरं' मध्ये जाऊन बसायचं. एका नवरीचं पाठवणीला रडणं मला सात ठिकाणी सापडलं. ती बिचारी एकदाच रडली होती.

त्यात उन्हाळ्याचा सीझन तुडुंब गेलेला. स्टुडिओतला कॉम्प्युटर भरला, कार्डं भरली, आणि कुठलीही फाइल उचलून टाकायला गेलं की जागा नाही म्हणून पाटी यायची. माझं डोकं फिरलं. मी एकाच फाइलच्या जास्तीच्या प्रती शोधून काढणारं सॉफ्टवेअर आणलं आणि ठरवलं की जुन्या वर्षांची कामं, जी गिऱ्हाइकांना देऊन झालीत, ती आता एकाच डिस्कवर राहतील. दोन-दोन प्रती फक्त नव्या कामांच्या.

बुधवारी दोन्ही डिस्का जोडून सॉफ्टवेअर लावलं. दिवसभर ते दळत बसलं. संध्याकाळपर्यंत त्यानं निळ्या डिस्कवरच्या जुन्या जास्तीच्या प्रती काढून टाकल्या आणि काळीवर प्रत्येकाची एकेक ठेवली. यंत्रानं कुठं चूक केली नाही, हे मला मुद्दाम सांगायचंय. त्यानं माझ्या भावाचीही एक प्रत ठेवली होती.

गुरुवारी लाइट नव्हती. शुक्रवारी सकाळी काळी डिस्क उघडली तर अजूनही जागा कमी. तेव्हा मी माझं डोकं चालवलं.

माझी एक पद्धत होती. साखरपुडा शूट केला की तो 'साखरपुडे' नावाच्या एका मोठ्या फोल्डरमध्ये जायचा. दोन-तीन महिन्यांनी लग्न झालं की नवरदेवाच्या गावाच्या नावानं नवा फोल्डर करायचा, आणि साखरपुडा, हळद, लग्न सगळं त्यात एकत्र आणून त्याचा अल्बम बनवायचा. त्यामुळे 'साखरपुडे' म्हणजे नुसता थांबा. लग्न झालं की तिथलं सगळं दुसरीकडे पोचलेलंच. काही फोटोंचे रंग बदलून झालेले, आकार छाटलेला, म्हणून सॉफ्टवेअरला ते वेगळे वाटले असणार, असं मी स्वतःला समजावलं. यंत्राला काय कळतंय, असंसुद्धा मोठ्यानं बोललो बहुतेक. पाच वर्षांपूर्वीपर्यंतचे सगळे साखरपुडे एका फटक्यात निवडले आणि उडवले. डिलीट करताना शिफ्ट दाबून धरायची मला सवय आहे. आधी कचरापेटीत टाका, मग ती कचरापेटी रिकामी करा, एवढा वेळ आहे कुणाला? भरपूर जागा झाली. लगोलग उन्हाळ्यातली नऊ लग्नं त्या जागेत भरली, खाली जाऊन चहा प्यायलो आणि टपरीवाल्याला सांगितलं, आज डोक्यावरचं ओझं उतरलं.

आता भावाबद्दल.

तो माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. सणसवाडीकडे एका कंपनीत मशीनवर होता, पण सुट्टी पाहून माझ्याबरोबर लग्नांना यायचा. केंदूरच्या घरून आम्ही एकाच मोटरसायकलवर निघायचो. मी कॅमेरा घ्यायचो, तो लाइट धरायचा. तो जो लांब दांड्याचा पांढरा लाइट असतो, नवरा-नवरीच्या तोंडावर धरतात, तो. तास तास हात वर करून उभा राहायचा. लाइटवाला कधीच कॅमेऱ्यात येत नाही, त्यामुळे आमच्या तालुक्यातल्या निम्म्या लग्नांना हजर असून तो कुठल्याच व्हिडिओत नाही. शिवाय तो बोलका. "मावशी, जरा पदर नीट घ्या", "मामा, हसा की, तुमचीच पोरगी हाय", असं काहीबाही चाललेलं असायचं, आणि लोकांनाही ते आवडायचं. मला आवडायचं नाही. कॅमेऱ्याच्या मायकात सगळं येतं. मी त्याला सारखा म्हणायचो, "गप की. आवाज येतोय तुझा." मग तो गप्प व्हायचा. पुढंपुढं तर काही बोलायचं असलं की आधी खाकरायचा आणि माझ्याकडं बघायचा. मी मान हलवली तरच बोलायचा.

त्याचं लग्न साखरपुड्यातच झालं. आमच्याकडं हे नेहमीचं आहे. साखरपुड्याला दोन्हीकडची माणसं जमतात, जेवणावळीची तयारी असते, आणि कुणीतरी वडीलधारा उठून म्हणतो, आता आलाच आहात तर उरकूनच टाकू. मुलगी दौंड तालुक्यातल्या राहूची. तिच्या मामांनी माईक हातात घेतला आणि म्हणाले, "मानसं गोळा झाल्यात, जेवान तयार हाय, भटजी गावातच हायेत. परत सगळ्यांनी कवा जमायचं? आजच टाका अक्षता." दोन्हीकडची जाणती माणसं उसाच्या बांधाला जाऊन पाच मिनिटं बोलली आणि परत आली ती हसतच. कुणीतरी मुंडावळ्या आणायला पळालं. माझा भाऊ तेव्हा कुठं होता, तर स्टेजच्या बाजूला स्टँडवरचा लाइट सरळ करत होता. स्वतःच्याच साखरपुड्याचा लाइट त्यानं सकाळी स्वतः लावला होता. मी ओरडलो, "अरे सोड तो, तुझं लगीन हाय." सगळा मांडव हसला.

त्या दिवशी पहिल्यांदा तो लाइटच्या पुढे आला आणि मी त्याला शूट केलं.

कार्डं रिकामी केली आणि सवयीप्रमाणे 'साखरपुडे' मध्ये टाकली. सकाळी निघताना फोल्डर केला होता, त्याचं नाव साखरपुडाच होतं. पुढं लग्नाचा वेगळा फोल्डर व्हायचा प्रश्नच आला नाही, कारण वेगळं लग्न झालंच नाही. गिऱ्हाइकांची अशी लग्नं मी अल्बम करताना हलवायचो. भावाचा अल्बम मी केलाच नाही. घरचं काम ते, कुठं पळून चाललंय? पहिल्या वर्षी आई महिन्याला विचारायची. मग सणाला विचारायला लागली. भावजय कधी विचारायची नाही, पाहुण्यांच्या घरी कुणाचा अल्बम निघाला की नुसती माझ्याकडं बघायची. भाऊ एकदा म्हणाला, "आमच्या पोरांच्या लग्नात दोन्ही अल्बम संगंच दे." मी हसलो. निर्लज्जासारखा हसलो.

लेक अडीच वर्षांची असताना तो गेला. रात्रपाळी करून येताना हायवेवर ट्रकनं उडवलं. मोबाइलचा चुरा झाला होता. दहाव्याच्या फ्लेक्ससाठी मला त्याचा फोटो लागला, तो मी त्याच लग्नातून काढला. तेव्हा फोल्डर उघडला होता. व्हिडिओ लावायची छाती झाली नाही. एक फोटो घेतला आणि बंद केला. त्या दिवशीसुद्धा तो फोल्डर उचलून दुसरीकडं ठेवावा असं मला सुचलं नाही.

भावजय पुढं लेकीला घेऊन माहेरी राहूला राहायला गेली. तिथं अंगणवाडीत तिला काम मिळालं. गेल्या दिवाळीच्या आधी तिचा फोन आला. तिनं कधी काही मागितलेलं नव्हतं, म्हणून आवाजावरूनच मला कळलं की काहीतरी आहे.

"भावजी, पोरगी लई मागं लागलीय. शाळंतल्या पोरींचं पप्पा फोनवर बोलत्यात. ही मला इचारती, माझ्या पप्पांचा आवाज कसा हुता. आता मी काय सांगू? आमच्या लग्नाच्या व्हिडिओत त्यांनी नाव घेतल्यालं हाय. तेवढं द्याल का मोबाइलवर टाकून?"

"देतो की," मी म्हणालो. "आजच देतो."

फोन ठेवला आणि काळी डिस्क जोडली. फोल्डर नव्हता. निळी जोडली. तिथंही नव्हता. तरी मी दहा मिनिटं निवांत होतो. माझा माझ्या पद्धतीवर इतका विश्वास होता की मी केंदूर, राहू, 'घरचे', 'इतर' असे एकेक फोल्डर उघडत बसलो. मग एकाएकी आषाढातला तो शुक्रवार आठवला. खाली हायवेवरचे कंटेनर जात होते आणि काचा थरथरत होत्या. मी नुसता स्क्रीनकडं बघत होतो.

मग सुचलं की तो शेकडो लग्नांत माझ्या शेजारी उभा होता. चित्रात नसला तरी मायकात असणार. जीवात जीव आला. जुनी लग्नं काढली, कानाला हेडफोन लावला आणि एकामागून एक ऐकत सुटलो. सनई, गाणी, परत सनई. आम्ही व्हिडिओ तयार करताना मूळ आवाज काढून टाकतो आणि वर गाणी बसवतो, कारण मागून कुणाकुणाचं बोलणं आलेलं लोकांना आवडत नाही. आणि मूळ शूटिंग? ते गिऱ्हाइकाला व्हिडिओ दिला की मी पुसूनच टाकायचो. चार दिवस मी ऐकत होतो. एका केंदूरच्या लग्नात गाणं संपून दुसरं सुरू होण्याच्या फटीत कुणीतरी "मावशी" म्हणाल्यासारखं वाटलं. तो असेलही. वाढपी असेल. इतक्या वर्षांत त्याला मी इतक्या वेळा गप्प केलं होतं की आता शोधूनही सापडत नव्हता.

लग्नात कुणी मोबाइलवर काही काढलं होतं का, म्हणून राहूतल्या पाहुण्यांकडं चौकशी झाली. आठ वर्षांत प्रत्येकाचे दोन-तीन मोबाइल बदललेले. तो बोलून निरोप पाठवणाऱ्यातला नव्हता, थेट फोन लावायचा, त्यामुळे भावजयीच्या मोबाइलवरही काही नव्हतं.

शेवटी दौंडला गेलो. तिथं एक जण पुसलेलं परत काढून देतो असं कळलं होतं. शांत माणूस. त्यानं डिस्क हातात घेतली आणि एकच विचारलं, "डिलीट केल्यावर हिच्यावर परत काय भरलं का?"

"नऊ लग्नं," मी म्हणालो.

त्यानं डिस्क टेबलावर ठेवली. मग म्हणाला, "दादा, जागा तीच असती. वरनं दुसरं भरलं की खालचं जातं. काढतो, पण आशा ठिवू नका."

तीन आठवड्यांनी त्यानं जे दिलं त्यात हजारो तुकडे होते. कशाला नाव नाही, तारीख नाही. अर्धा फोटो नवरीचा आणि खालचा अर्धा करडा. कुणाचे हात, कुणाच्या पत्रावळी, मांडवाची झालर. मी रोज स्टुडिओचं शटर अर्धं ओढून ते बघत बसायचो. गिऱ्हाईक आलं तर उठून जायचो, परत येऊन बसायचो. इतक्या लोकांची लग्नं मी सांभाळली, अगदी नंतर मोडली त्यांचीसुद्धा. माझ्या एकुलत्या एका भावाचं मला सांभाळता आलं नाही. हे मनात आलं की मी मान खाली घालून टेबलावर टेकवायचो. आईला मी अजून काही सांगितलेलं नाही. ती समजते की अल्बमचं काम चालू आहे.

पाचव्या दिवशी सापडला. तीन सेकंदांचा तुकडा. मुंडावळ्या बांधलेला माझा भाऊ, हातात जिलेबीचा घास, शेजारी मान खाली घातलेली भावजय, मागं बायकांचा गलका, "घ्या, घ्या, नाव घ्या". तो खाकरतो. वर बघतो. आणि करड्या चौकटींनी त्याचं तोंड झाकून जातं, चित्र थांबतं. पुढं काहीच नाही. पुढच्या तुकड्यात दुसऱ्याच कुणाच्या तरी हळदीत डीजे वाजतोय.

ते तीन सेकंद मी काळ्या डिस्कवर टाकले, निळीवर टाकले, दोन नव्या डिस्का आणून त्यांच्यावर टाकले, कॉम्प्युटरवर, तीन पेन ड्राइव्हवर, माझ्या आणि बायकोच्या मोबाइलवर. एकाच डिस्कवर चार-चार ठिकाणी टाकले. आता कितीही पसारा होऊ दे. एवढं करून झालं तरी हात थांबेना.

मग राहूला गेलो. वाटेत नदीच्या पुलावर गाडी थांबवून, काय सांगायचं ते घोकलं. पोचल्यावर घोकलेलं सगळं विसरलो. भावजयीनं पाणी दिलं, मी ओसरीवर बसलो आणि म्हणालो, डिस्क खराब झाली, एवढंच निघालं. माझ्या हातानं गेलं, हे नाही म्हणालो. ते आज इथं म्हणतोय.

लेक आता साडेसहा वर्षांची आहे. तिला मला अण्णा म्हणायला शिकवलंय. तिनं मोबाइल दोन्ही हातांत धरला आणि लावला. खाकरण्याचा आवाज आला. भावजय चुलीकडून आली होती, ती तिथंच दाराला धरून उभी राहिली. "आस्संच," ती म्हणाली. "बोलायच्या आधी आस्संच करायचं."

पोरीनं परत लावलं. परत. पाच-सहा वेळा लावल्यावर तिनं स्वतः तसं खाकरून पाहिलं. हुबेहूब.

"अण्णा, पप्पा वर कुणाकडं बघत्यात?"

"माझ्याकडं."

"का?"

कॅमेरा चालू असताना बोलू का, म्हणून. स्वतःच्या लग्नात, मुंडावळ्या बांधून, त्यानं मला विचारलं होतं. आणि मी मान हलवून हो म्हणालो होतो, एवढं मला पक्कं आठवतंय. पोरीला मी सांगितलं, "लाइट नीट हाय का ते इचारत हुते."

"मग फुडं काय म्हनलं?"

मी भावजयीकडं पाहिलं. तिला ठाऊक असणार, तिचंच नाव घेतलं होतं. तिनं पदर तोंडाला लावला होता.

"मला त्या गलक्यात लाजंनं काय ऐकूच आलं न्हाई, भावजी," ती म्हणाली. "मी म्हनलं, व्हिडिओत निवांत ऐकू. तुमी तर समूरच हुता. तुमाला ठावं आसंल की. सांगा ना तिला."

दोघी माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या. मी त्याच्यापासून चार फुटांवर उभा होतो. तो बोलला, माणसं हसली, टाळ्या पडल्या, सगळं माझ्या समोर झालं. मी तेव्हा कॅमेऱ्याची बॅटरी किती उरलीय ते बघत होतो.